दोरा नसलेला बांगडा

— म्हणजे तुम्हालाही तोच प्रश्न पडला. पाटीवरच्या किमतीवर बोट ठेवून भुवई उचललीत, तेव्हाच ओळखलं मी. एवढ्याशा पैशांत इतकी चांगली सुशी, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार, असंच ना? मग विचारा की सरळ. आल्यापासून एक अक्षर बोलला नाहीत. अंड्याच्या घासाकडे बोट, काकडीकडे बोट, चहाच्या किटलीकडे बोट. नाही बोलायचं? बरं, राहिलं. काही लोकांना आपला आवाज दुसऱ्याच्या कानात राहू नये असं वाटतं. तुम्ही त्यांतले आहात असं मी म्हणत नाही. तसे लोक असतात, एवढंच म्हणतोय.

आणि एक लक्षात आलं असेल तुमच्या — 'स्वस्त' हा शब्द मी पाटीवर कुठेही लिहिलेला नाही. 'ताजी' हाही नाही. ताजा म्हणजे नेमकं काय, हो? काल बर्फात नीट निजवलेला मासा आज सकाळी टोपलीत तापलेल्या माशापेक्षा केव्हाही उजवा, मग त्या दोघांत ताजा कुठला म्हणायचा? म्हणून मी लिहिलं, 'आज जे चांगलं मिळालं ते'. या पाच शब्दांसाठी मी आठवडा घालवला. त्यावर ही म्हणाली — ही म्हणजे माझी बायको, त्या पडद्यामागे असते, म्हणजे एरवी असते — ही म्हणाली, अहो, तुम्ही मासे विकणार आहात की ग्रंथ छापणार आहात? पण मला सांगा, जो माणूस शब्दाला जपत नाही तो माशाला काय जपणार? असो. ही कोळंबी घ्या. उकडलेली आहे, निर्धास्त घ्या. म्हणजे, निर्धास्त तर सगळंच आहे.

तर किमतीचं सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. समोर ती काचेची इमारत दिसते ना, तिच्या बाविसाव्या मजल्यावर एक सुशीचं हॉटेल आहे. दारात गालिचा, आत कुजबुज, एका घासाला लोक तिथे जे मोजतात त्यात माझ्याकडे पोटभर जेवण होतं. त्या मजल्यावर मी एकोणीस वर्षं सुरी चालवली आहे. तुम्हाला ठाऊक असेल. नाही? बरं. तर त्यांना ट्यूना लागतो तो फक्त मधला, सरळ रेषेत कापता येतो तेवढा. शेपटीकडचा निमुळता भाग नको, कण्याला चिकटलेलं मांस नको, जाळ्याचा ओरखडा उठलेली बाजू नको. तोच मासा, त्याच गाडीतून आलेला, त्याच बर्फातला. मधला तुकडा बाविसाव्या मजल्यावर चढतो आणि टोकं या जिन्याखाली उतरतात. कण्याचं मांस मी शिंपल्याच्या काठाने खरवडून काढतो. लोण्यासारखं असतं, पण त्याला आकार नसतो, आणि त्या लोकांना आकार लागतो. आठ बैठका, फक्त दुपारचं जेवण, वाढायला कुणी नाही, आणि ही जागा मेहुण्याची — हिच्या भावाची. झालं. एवढंच गुपित. लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

खिशात काय शोधताय? कागद? — रुमाल. बरं, बरं.

नाही, मी काही संशयी माणूस नाही. पण तुम्हीच बघा. अजून बारा वाजायचे आहेत, रांग लागायला अर्धा तास अवकाश, तेवढ्यात एक अनोळखी व्यक्ती एकटीच आत येते. भर उन्हाळ्यात गळपट्टा हनुवटीपर्यंत. डोळे लाल, म्हणजे जागरण करून काही वाचलेलं, लिहिलेलं. तोंडातून शब्द नाही. आणि अंड्याचा घास तोंडात घालण्याआधी — मी कापायच्या पाटाकडे बघत होतो तरी मला ऐकू आलं — एकदा नाही, तीनदा हुंगलात तुम्ही तो. काकडीचाही हुंगलात. अहो, काकडी कोण हुंगतं? साधं गिऱ्हाईक घास उचलतं आणि खातं. खाण्याआधी हुंगतो तो धंद्यातला माणूस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, एक तर हे वरच्या मजल्याने पाठवलेलं माणूस, नाही तर सरकारी तपासनीस. दोन्ही नसाल तर उत्तमच. मान हलवलीत? ही मान 'नाही' म्हणून हलवलीत की 'सोडा हो' म्हणून? दोन्हींत फरक असतो.

त्या वाटीकडे बघू नका. रिकामीच आहे ती. दात कोरायच्या काड्यांची आहे, संपल्यात.

आणखी काय देऊ? भाजलेलं वांगं आहे, त्याचा घास फार सुरेख होतो, वरून आल्याचा रस — नको? मग पुन्हा अंडं? अंड्याची वडी माझी चांगली असते, तुम्ही बघितलीतच, सात पदर एकावर एक — काय? बांगडा. हो, आहे बांगडा. पाटीवर लिहिलाय म्हणजे असणारच. तुमची नजर पहिल्यापासून त्याच्यावर होती, मी काय आंधळा नाही. लोक कच्च्या माशासाठी येतात आणि मी तुम्हाला केव्हाचा अंडं नि काकडी चारतोय, हेही टिपून ठेवलं असेल तुम्ही. देतो ना. बांगड्याला काय झालंय? सकाळी सहाला मी स्वतः निवडून आणलेत. डोळे फुगीर, स्वच्छ. पोटावर बोट दाबलं तर खळगा राहत नाही. पाठीवरच्या रेघा अशा, की नुकत्या कुणी शाईने ओढल्यात. तासभर मिठात, मग अर्धा तास शिरक्यात — भाताला लावतो तोच हा आंबट शिरका, व्हिनेगर म्हणा. आणि भात बघा, हाताला लागतो तेवढाच कोमट, ना ऊन ना गार. हे असं हलकं दाबायचं, आत थोडी हवा राहिली पाहिजे. हा झाला घास. हा ठेवला तुमच्यापुढे.

थांबा.

जरा थांबा. हात बाजूला घ्या. माझं बोट ताटलीवर आहे हे मला दिसतंय, मी मुद्दामच ठेवलंय. एक सांगतो, मग खा. किंवा नका खाऊ.

त्या वाटीत काड्या नसतात. त्यात दोरे असतात. रोज दुपारी दोन वाजेपर्यंत ती वाटी पांढऱ्या दोऱ्यांनी भरते, आणि आज ती रिकामी आहे. कशाचे दोरे? सांगतो. तुम्ही कुणीही असा, तपासनीस असा नाही तर वरच्यांचे असा — एकदा तोंड उघडलंच आहे तर पुरतं उघडतो. तीन हिवाळ्यांपूर्वी मला ताप आला. आठवडाभराने ताप गेला. जाताना माझा वास घेऊन गेला. नाक आहे तिथेच आहे, श्वास चालतो, पण वास म्हणून काही येत नाही. मला कळलं कसं? ओट्याशी उभा होतो, दूध उतू जाऊन करपलं, सगळं घर धुरकट झालं, ही आतून धावत आली आणि म्हणाली, अहो, तुम्ही तर शेजारीच उभे आहात. मी उभाच होतो. भिंतीसारखा. मासेवाल्याला नाक नाही म्हणजे, कसं सांगू — गवयाला कान नसावेत तसं. वरच्या मजल्यावर कुणाला कळायच्या आत मी राजीनामा दिला. लोकांना वाटलं, मानी माणूस आहे, स्वतःचं काही उभारायचं असेल. वाटू दिलं मी.

हे जिन्याखालचं दुकान उभं राहिलं ते हिच्या नाकावर. आणि गंमत अशी, की ती स्वतः मासा खात नाही. तिचं माहेर समुद्रापासून चार दिवसांच्या वाटेवर. लग्नाआधी तिने मासा पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात. पहिली दोन वर्षं मी कामावरून आलो की ती खिडक्या उघडायची. तीच बाई रोज सकाळी पडद्यामागे पाटावर बसते, एकेक मासा हातात घेते, आधी छातीतला श्वास सगळा सोडते, मग डोळे मिटून कल्ल्याशी नाक नेते. पटला तर शेपटीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारते. नाही पटला तर न बोलता बाजूच्या बादलीत टाकते. मी दोरा बघतो, दोऱ्यासकटच मासा मिठात-शिरक्यात ठेवतो आणि मग कापतो. कापताना दोरा सोडवून त्या वाटीत टाकतो. मिठात-शिरक्यात पडल्यावर कुणाचंच नाक चालत नाही, म्हणून जे काय ते आधी. माझे डोळे आणि बोटं पुष्कळ सांगतात, पण बांगडा हा लबाड मासा आहे; वरून राजबिंडा असतो आणि आतून केव्हाच गेलेला असतो. तीन वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या पोटात दुखलं नाही. एकाच्याही. लोक म्हणतात, काय हात आहे तुमचा. मी मान लववतो. ती पडद्यामागे ऐकत असते.

आता पुढचं ऐका, म्हणजे ऐकाच. ज्याचं नाक जातं त्याला दुसरं काहीतरी फुटतं. मला संशय फुटला. गाडीवाल्याचा संशय, बर्फवाल्याचा संशय, गिऱ्हाइकाने घास चावताना अर्धा क्षण डोळे बारीक केले की त्याचा संशय. रात्रंदिवस लोकांचे चेहरे हुंगत बसायचं. आणि गेल्या महिन्यात — हिचा संशय. सकाळी ती फोन खांद्याशी धरून भावाशी बोलते आणि बोलता बोलता गाठी मारत जाते, हे मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. म्हटलं, ही खरंच हुंगते, की सवयीने नुसती बांधत सुटली आहे? विचारायचं ना सरळ. तुम्हाला मघाशी म्हणालो ना मी, विचारा की सरळ. मी विचारलं नाही. मी परीक्षा घेतली. तीन दिवसांचा एक बांगडा पेटीच्या तळाशी वेगळा लपवून ठेवला आणि परवा सकाळी नव्या नऊ बांगड्यांत मिसळून दिला. दहा मासे आत गेले. दहा दोरे बांधून बाहेर आले.

मला आनंद झाला. हे सांगायला नको होतं, पण झाला. म्हटलं, सापडली. तीन वर्षं जिच्या भरवशावर जगलो ती सापडली, याचा आनंद व्हावा — माणूस म्हणजे काय चीज असते बघा. ठरवलं, दुकान बंद झालं की तिच्यापुढे तो मासा ठेवायचा आणि नुसतं बघायचं. तिला शंका नको म्हणून बाकीच्यांबरोबर त्यालाही मीठ-शिरका लावला आणि तो मी पाटाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. मग साडेबारा वाजले, रांग आत आली, आठही बैठका भरल्या. पहिल्या बैठकीवर आमचे मास्तर, पेन्शनीतले, जाड भिंगांचे, रोज बांगडाच मागणारे. हात चालत होते माझे. दोरा दिसला की सोडवायचा, वाटीत टाकायचा, कापायचं. दोरा दिसला, सोडवला, टाकला, कापला. आणि मास्तरांच्या पुढे ताटली सरकवली तेव्हा पडदा हलला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती बाहेर आली, पदराला हात पुसत, मास्तरांच्या बोटांखालून तिने ताटली उचलली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मास्तर, हा तुकडा यांच्या हातून जरा वेडावाकडा कापला गेलाय, दुसरा देतील." मास्तर म्हणाले, "अहो वहिनी, मला कुठे एवढं दिसतंय." सगळे हसले. मीही हसलो.

दुकान बंद झाल्यावर ती म्हणाली, "आदल्या रात्री तुम्ही तो तळाशी सारताना मी बघितलं होतं. म्हटलं, दोरा बांधून टाकते, बघू तरी हे काय करतात. तो खराब आहे हे मला माहीत होतं. तुम्हाला तर माझ्याआधी माहीत होतं. मग तो मास्तरांच्या पुढ्यात गेलाच कसा?"

मी म्हणालो, "दोरा होता."

एवढंच म्हणालो. तिने दोऱ्याचं रीळ त्या खिळ्याला अडकवलं — ते बघा, अजून तिथेच आहे — आणि म्हणाली, "आता तुमचं तुम्ही हुंगा." आणि भावाकडे निघून गेली. काल आठवड्याची सुट्टी. आज हे असं. आज पेटीत जे आहे त्यातल्या एकाच्याही शेपटीला दोरा नाही, म्हणून तुम्हाला अंडं चारत बसलो होतो. तिला वाटलं, दोरा होता ही मी पळवाट काढली. पळवाट नव्हती हो. माझ्या डोक्याला माहीत होतं तो मासा कुजलाय. मीच कुजवला होता. पण हाताने दोरा बघितला आणि हात म्हणाला, हिने बांधलाय ना, मग चांगलाच असणार. डोकं संशय घेत बसलं होतं आणि हात तिच्यावर विश्वास ठेवून मोकळा झाला. स्वतःला माहीत असलेल्या गोष्टीपेक्षा तिची गाठ मला खरी वाटली. हे तिला सांगायला हवं होतं ना? हे वाक्य मला दोन दिवसांनी सुचलं, आणि तेही तुमच्यापुढे. पाटीवरचे पाच शब्द आठवड्यात सुचतात, पण बायकोपुढे म्हणून काही —

जाऊ द्या. आता तुम्ही एक उपकार करा. तुम्ही कुठून आलात ते मी विचारत नाही. वरच्या मजल्याचे असलात तर जाऊन सांगा, त्याला नाक नाही म्हणून. तपासनीस असलात तर कुलूप लावा. पण तुमचं नाक तयार आहे, ते मी पाहिलंय. पेटीत अजून चार अख्खे बांगडे आहेत, मीठ न लागलेले. हा घ्या. कल्ला असा उचलतो. आधी श्वास सोडा, मग हळूच आत घ्या. आणि खरं सांगा. बाहेर मास्तर येऊन उभे राहिलेत, काचेतून भिंगं चमकतायत. तुम्ही हो म्हणालात तर दार उघडतो. घ्या.

काय झालं? नाकाकडे काय बोट दाखवताय? त्या नाकानेच तर — काय? रुमाल. पुन्हा रुमाल. गळ्याला का हात लावताय, दुखतोय? आवाज बसलाय. कधीपासून? चार बोटं. चार दिवस. मग ते अंडं हुंगलंत, काकडी हुंगलीत, ते —

सर्दी.

…

चव तरी लागली का अंड्याची? मान खरी हलवा. नाही. गरम भाताने जरा बरं वाटेल म्हणून शिरलात आत. बरोबर आहे. पाटीवर तसं काही लिहिलेलं नसलं तरी बरोबर आहे. मी इतके संशय घेतले तुमचे, नेमका हाच घ्यायचा राहिला.

ताटली द्या इकडे. नाही, हा घास कुणीच खायचा नाही. मास्तरही नाहीत. हा बादलीत गेला, हा बघा, तुमच्यादेखत. पाटी उलटी करतो. पैसे ठेवा खिशात, चव न लागलेल्या जेवणाचे मी घेत नाही. ते चार अख्खे बांगडे या पेटीत बर्फावर घेतो, आणि ते रीळ — द्या जरा खिळ्यावरून काढून, तुमचा हात पोचतोय. मेहुण्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे. जाऊन पेटी तिच्यापुढे नुसती उघडून ठेवीन. बोलायची नाही ती, तोंडही फिरवील. पण मासा समोर आला की तिला हुंगल्याशिवाय राहवत नाही, हे तिलाही माहीत आहे. तिचा श्वास सुटला की मग ते हाताचं वाक्य सांगीन. जमलं तर.

उठा आता. बाहेर मास्तरांना खुणेने सांगा, आज नाही, उद्या या. गळपट्टा नीट घ्या. दार ओढून घ्या बाहेरून, कडी मी लावतो.

आणि ऐका — सर्दी खरीच आहे ना?